डब्यावर ‘मसाजर’, आत सूचना शून्य

अमरावतीच्या राजापेठेत किंवा अकोल्याच्या जठारपेठेत कुरिअरवाला एक पार्सल देऊन जातो. खोक्यावर ना वस्तूचे चित्र, ना नाव. बिलावर ‘पर्सनल मसाजर’ एवढेच. दार लावून ते उघडले जाते. आत प्लास्टिकच्या साच्यात बसवलेली वस्तू, चार्जिंगची वायर आणि घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद. मान, खांदा, पाठ यांना हळुवार लावावे, असे त्यावर इंग्रजीत छापलेले असते. ही वस्तू शरीराच्या ज्या भागासाठी घेतली जाते, त्याचा उल्लेख नसतो. ती कशाची बनली आहे, पाण्यात बुडवली तर चालेल का, कशाने धुवायची, दोघांनी वापरली तर काय काळजी घ्यायची, यावर एक ओळही नसते.

सेक्स टॉय असावेत की नसावेत हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी खुशाल घालावा. मोबाइलवरून मागवण्याची सोय झाल्यापासून ते मुंबई-पुण्यापुरते राहिलेले नाहीत. जंतूंना वादाच्या निकालाशी देणेघेणे नसते. ज्या घरात ही वस्तू पोहोचली, त्या घरात ती स्वच्छ कशी ठेवायची हे कळणे एवढाच प्रश्न उरतो, आणि तो आरोग्याचा आहे.

कागदावर पाठीचाच उल्लेख का, याचे उत्तर कायद्याच्या धूसरपणात सापडते. भारतीय कायद्यात ‘सेक्स टॉय’ असा शब्द नाही. आहे तो ‘अश्लील वस्तू’ हा शब्द. पूर्वीच्या दंडसंहितेतले कलम २९२ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेतले कलम २९४ यांचा रोख अशा वस्तूंची विक्री, वाटप आणि प्रदर्शन यांवर आहे. कुणी घरात काय वापरतो यावर नाही. परदेशातून माल आणण्याबाबत सीमाशुल्क खात्याची १९६४ची जुनी अधिसूचना आहे, तीही अश्लील पुस्तके, चित्रे, वस्तू यांबद्दलची. तिचाच आधार घेऊन खात्याने ‘बॉडी मसाजर’ म्हणून आलेला माल जप्त केला होता, कारण काय, तर त्याचा वापर सेक्स टॉय म्हणूनही होऊ शकतो. सीमाशुल्क आयुक्त विरुद्ध डॉक ब्राउन इंडस्ट्रीज हे ते प्रकरण. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. गिरीश कुलकर्णी आणि न्या. किशोर संत यांच्या खंडपीठाने खात्याचे म्हणणे फेटाळले. वस्तूचा दुसरा काही उपयोग होऊ शकतो अशी कल्पना करून ती अश्लील ठरवता येत नाही, असा त्या निकालाचा सारांश. त्याआधी २०११ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयानेही अशा साधनांना सरसकट अश्लील मानायला नकार दिला होता.

निकाल शहाणपणाचे आहेत. पण त्यातून विक्रेत्यांनी घेतलेला धडा वेगळाच दिसतो. ‘मसाजर’ म्हटले की माल सुटतो, खरे नाव घेतले की अडकू शकतो. मग खरे नाव घ्यायचे कशाला? आणि नाव बदलले की सूचनाही बदलते. पाठीला लावायच्या वस्तूसाठी ‘योनीत किंवा गुदद्वारात वापरण्यापूर्वी’ असे वाक्य छापायचे कुणी? अब्रू राखण्याच्या या सगळ्या खटाटोपात ग्राहकाच्या हाती फक्त कोरा डबा येतो.

लहान मुलाच्या खुळखुळ्याशी तुलना केली तर हे जास्त खुपते. जानेवारी २०२१ पासून देशात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर मानक ब्युरोची खूण सक्तीची झाली. मूल खेळणे तोंडात घालते, म्हणून प्लास्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट या रसायनांवरही त्या मानकात मर्यादा आहे. मोठ्यांच्या ज्या वस्तू शरीराच्या त्याहून नाजूक त्वचेला लागतात, त्यांच्यावर अशी सक्ती नाही. जगात याबाबत काहीच नाही असेही नाही. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने आयएसओ ३५३३ हे मानक काढले, ते याच वस्तूंसाठी. कोणता पदार्थ वापरावा, कडा कशा असाव्यात, वापरणाऱ्याला कोणती माहिती द्यावी, हे त्यात आहे. अडकलेल्या वस्तू काढून कंटाळलेल्या एका स्वीडिश शल्यचिकित्सकाच्या पुढाकारातून ते काम सुरू झाले. लाजेपेक्षा शहाणपण मोठे ठरले, की हे असे होते.

आता वस्तूकडे वळू. सगळ्यात आधी ती कशाची बनली आहे हे पाहावे, कारण धुण्याची पद्धत त्यावर ठरते. सिलिकॉन, काच, स्टेनलेस स्टील आणि कडक एबीएस प्लास्टिक यांचा पृष्ठभाग बंद असतो. त्यात ओल आणि जंतू मुरत नाहीत. टीपीई, टीपीआर आणि ‘जेली’ म्हणून विकले जाणारे मऊ पीव्हीसी यांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. स्वयंपाकघरातली उपमा द्यायची तर स्टीलचे भांडे आणि लाकडी पोळपाट यांत जो फरक, तोच इथे. पोळपाट कितीही घासला तरी आतली ओल आतच राहते. बाजारात स्वस्त, लिबलिबीत, ‘अगदी त्वचेसारखे’ म्हणून जे मिळते ते बहुतेक याच दुसऱ्या गटातले. डबा उघडताच नव्या चपलेसारखा उग्र वास आला, हाताला तेलकट चिकटपणा लागला, तर तो पदार्थ सिलिकॉन असण्याची शक्यता कमी. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २००६ मध्ये अशा वस्तूंची तपासणी केली, तेव्हा मऊ प्लास्टिकच्या अनेक वस्तूंमध्ये थॅलेट सापडले होते.

या फरकाचे एक छोटे पण बोलके उदाहरण अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दिले. बारा स्त्रियांना दोन-दोन व्हायब्रेटर दिले, एक टीपीईचा आणि एक मऊ सिलिकॉनचा. त्यातल्या नऊ जणींच्या योनीत एचपीव्ही हा विषाणू आढळला. वापरानंतर वस्तू साफ केल्यावरही नऊपैकी पाच टीपीई व्हायब्रेटरवर आणि चार सिलिकॉनच्या व्हायब्रेटरवर त्याचा अंश सापडला. चोवीस तासांनी टीपीईच्या काही व्हायब्रेटरवर तो शिल्लक होता. सिलिकॉनच्या एकावरही नव्हता. बारा जणींचा अभ्यास फार लहान, आणि विषाणूचा अंश सापडणे म्हणजे लागण होणे नव्हे. तरी एक गोष्ट त्यातून स्पष्ट दिसते : एकदा धुतले म्हणून ती वस्तू लगेच दुसऱ्याला द्यायला सुरक्षित झाली, असे मानता येत नाही. आणि एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी जोडलेला विषाणू. दरवर्षी सव्वा लाखाहून अधिक भारतीय स्त्रियांना हा कर्करोग झाल्याचे निदान होते.

धुणे अवघड नाही, पण वऱ्हाडात पाण्यापासून सुरुवात करावी लागते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, मूर्तिजापूर या बाजूला बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे तिथल्या बायांना सांगावे लागत नाही. फेस न आलेला साबण चिकट थर होऊन वस्तूवर बसतो, मग पुढच्या वेळी तोच थर नाजूक जागी जळजळ करतो. शहरात नळाला रोज पाणी येतेच असे नाही. ड्रममध्ये साठवलेल्या पाण्यात घरातल्या सगळ्यांचे हात आणि तांबे बुडालेले असतात. तेव्हा धुण्यासाठी साठवणीचे पाणी वापरले तरी शेवटचा हात फिल्टरच्या किंवा उकळून गार केलेल्या पाण्याचा असावा. तांब्याने वरून धार धरली तरी पुरते, वाहत्या नळाची गरज नाही.

साबण साधा आणि बिनवासाचा घ्यावा, पाणी कोमट. वापरण्याआधी एकदा आणि वापरल्यावर लगेच एकदा धुवावे. रात्रभर तसेच ठेवून सकाळी धुतले तर वाळलेला थर सहज निघत नाही. खाचा, बटणाच्या कडा, जोडाच्या रेषा यांत बोटाने चोळावे. सिलिकॉन, काच किंवा स्टीलची वस्तू असेल आणि आत मोटर, बॅटरी काही नसेल, तर ती पाच ते दहा मिनिटे पाण्यात उकळता येते. मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्या मुलींना ही रीत ठाऊक आहे; ते सिलिकॉनही याच जातीचे. भांडे वेगळे ठेवावे, हे सांगायची गरज नसावी. काचेची वस्तू उकळत्या पाण्यातून काढून गार पाण्याखाली धरू नये, तडा जातो, आणि तडा गेलेली काच पुन्हा वापरायची नाही. टीपीई आणि जेली उकळली तर वितळते.

मोटर असलेल्या वस्तूच्या डब्यावर आयपीएक्स असे लिहून पुढे आकडा असतो. आयपीएक्स ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल. आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोडे सोसेल. आकडाच नसेल तर बुडवू नये. ओल्या साबणाच्या कापडाने पुसून मग साध्या ओल्या कापडाने दोनदा पुसावे. चार्जिंगच्या भोकात पाणी गेले असेल तर ती वस्तू त्या दिवशी चार्जरला लावू नये.

इथे डेटॉलबद्दल बोलले पाहिजे, कारण वऱ्हाडातल्या घरात स्वच्छतेचा शेवटचा शब्द तोच असतो. खरचटले, डेटॉल. फरशी पुसायची, डेटॉल. मग नाजूक जागेची वस्तूही डेटॉलने धुतली की जास्त स्वच्छ, असा हिशेब होतो. तो चुकतो. योनीमध्ये लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जंतू असतात. ते तिथली आम्लता साधारण ३.८ ते ४.५ पीएच इतकी राखतात आणि त्यामुळे घातक जंतूंना जागा मिळत नाही. जंतुनाशकाचा अंश वस्तूवर राहिला तर आधी मरतात ते हे राखणदार. त्वचा सोलल्यासारखी होते, आग होते आणि नंतर ‘अंगावर पांढरे जाते’ म्हणून दवाखाना गाठावा लागतो. सॅनिटायझरचेही तेच, करोनानंतर प्रत्येक पर्समध्ये बाटली आहे म्हणून ती इथे कामाची ठरत नाही. आणि वस्तू स्वच्छ केली म्हणून योनीच्या आतही साबण-पाण्याचा फवारा मारायचा, हे तर मुळीच करू नये. आतली स्वच्छता शरीर स्वतः ठेवते.

तेलाचीही तीच गत. खोबरेल तेल घरात असते, स्वस्त असते, म्हणून वापरले जाते. पण तेल छिद्रांत मुरते आणि धुऊन निघत नाही. वर कंडोम असेल तर खोबरेल किंवा व्हॅसलीनने त्याचे रबर काही मिनिटांतच कमजोर होते. औषधाच्या दुकानात पाण्यात विरघळणारी जेली मिळते. ती सगळ्या पदार्थांवर चालते. सिलिकॉनयुक्त वंगण मात्र सिलिकॉनच्या वस्तूवर लावू नये, पृष्ठभाग चिकट होऊ शकतो.

धुण्याइतकेच वाळवणे महत्त्वाचे आहे आणि तिथेच घोळ होतो. लपवायची घाई असते. ओली वस्तू पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळून कपाटातल्या साड्यांखाली जाते. एप्रिल-मेमध्ये एक वेळ खपून जाईल. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्या पिशवीत बुरशी धरायला वेळ लागत नाही. हा प्रकार वऱ्हाडाला नवा नाही. पाळीच्या घड्या कुणाला दिसू नयेत म्हणून न्हाणीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालणाऱ्या बायांच्या पिढ्या इथेच होऊन गेल्या. अर्धवट ओल्या घडीने जे केले तेच अर्धवट ओली वस्तू करते. घडी उन्हात वाळवावी हे उघडपणे सांगायला किती वर्षे लागली, ते आठवून पाहावे. ही वस्तू दोरीवर कुणी घालणार नाही, ते ठीकच. स्वच्छ सुती फडक्याने टिपून, खोलीतच पंख्याखाली तासभर ठेवली तरी पुरे. मग सुती पिशवीत, प्रत्येक वस्तू वेगळी. मऊ प्लास्टिकच्या दोन वस्तू एकमेकींना चिकटून राहिल्या तर वितळल्यासारख्या होतात.

अकोल्याच्या उन्हाळ्याचा वेगळा विचार करावा लागतो. पारा ४५च्या पुढे गेला की पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेले लोखंडी कपाट आतून तापते. त्या उष्णतेत मऊ प्लास्टिक घाम सुटल्यासारखे चिकट होते आणि लिथियम बॅटरी लवकर खराब होते. चार्ज करताना वस्तू गादीवर किंवा उशीखाली ठेवू नये. बटणासारख्या सेलवर चालणारी वस्तू असेल तर ती लहान मुलाच्या हाती लागणार नाही याची जास्त खबरदारी घ्यावी. गिळलेला बटण सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो, आणि ती धोक्याची वेळ कोणत्याही संसर्गापेक्षा लवकर येते.

वस्तू शक्यतो एकाच माणसाची असावी. दोघांत वापरायची असेल तर वर नवा कंडोम चढवावा आणि माणूस बदलला की कंडोम बदलावा. गुदद्वाराला लागलेली वस्तू न धुता, कंडोम न बदलता योनीत नेली तर आतड्यातले जंतू सरळ मूत्रमार्गाच्या दाराशी पोहोचतात. लघवीची जळजळ वारंवार होण्याचे ते एक कारण असू शकते. पुरुषांसाठीच्या पोकळ, मऊ वस्तू वाळायला सगळ्यात अवघड, कारण ओल आत राहते. त्या उलट्या करून पुसाव्या लागतात. लिंगावर घालायची रिंग अर्ध्या तासाच्या आत काढावी. धातूची घट्ट रिंग सूज आल्यावर निघत नाही आणि मग ती कापायला दवाखान्यातच जावे लागते. मधुमेह असलेल्यांना बुरशीचा संसर्ग लवकर होतो, त्यांनी मऊ छिद्रवाले प्लास्टिक टाळलेलेच बरे. चिकट झालेली, रंग उडालेली, वास येणारी किंवा चीर पडलेली वस्तू कितीही महाग असली तरी टाकून द्यावी. टाकताना बॅटरी निघत असेल तर काढून वेगळी द्यावी, घंटागाडीत दबून ती पेट घेऊ शकते.

हे सगळे वर्तमानपत्रात कशाला, असे काहींना वाटेल. त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर रेडिएशन घेतल्यानंतर योनीमार्ग आकसतो, भिंती एकमेकींना चिकटतात. पुढची तपासणीसुद्धा वेदनेची होते. ते होऊ नये म्हणून डॉक्टर डायलेटर नावाचे गुळगुळीत नळीसारखे साधन नियमित वापरायला सांगतात. योनीच्या स्नायूंची आपोआप होणारी घट्ट आवळ, जिच्यामुळे कित्येक लग्ने पहिल्या वर्षातच कोर्टाच्या पायरीपर्यंत जातात, तिच्या उपचारातही हेच साधन असते. डायलेटर आणि दुकानातली ती वस्तू यांचा आकार जवळपास सारखा, पदार्थ बहुतेक वेळा तोच सिलिकॉन किंवा कडक प्लास्टिक, धुण्याची रीत तीच. फरक इतकाच की एकाच्या डब्यावर खरे नाव आणि सूचना असते. रेडिएशन संपवून खेड्यात परतलेल्या पन्नाशीच्या बाईला हे साधन मिळाले, तर ते सुनेच्या, नातवंडांच्या घरात कुठे धुवायचे आणि कुठे ठेवायचे, हा प्रश्न तिच्यासाठी औषधाइतका खरा आहे. लाजेने तिने ते ट्रंकेच्या तळाशी टाकले तर उपचाराचा तो भाग तिथेच थांबतो. सेक्स टॉयबद्दल बोलायचे नाही असे ठरवल्यावर गप्प बसावे लागते ते तिलाही.

असल्या विषयावर मराठीत छापले की काय होते, याला जुना दाखला आहे. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवले. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो कथा-कवितेमुळे नव्हे, तर वाचकांनी आपल्या शरीराबद्दल, हस्तमैथुनाबद्दल विचारलेल्या प्रश्नांना छापील उत्तरे दिल्यामुळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. कर्वे संततिनियमनाची साधनेही लोकांना पुरवत, आणि त्या काळच्या रबरी टोप्या धुऊन, कोरड्या करून, पावडर लावून ठेवाव्या लागत. म्हणजे खासगी साधनाची निगा हा विषय मराठीत शंभर वर्षांचा आहे. लोकांचे प्रश्न आजही तेच, फक्त ते आता मध्यरात्री मोबाइलला विचारले जातात आणि उत्तर देणाऱ्याला बहुधा काहीतरी विकायचे असते.

करायचे फार नाही. विक्रेत्याला खरे नाव छापल्याबद्दल अडकण्याची भीती नसावी एवढी स्पष्टता सरकारने द्यावी. आणि मग त्याच्यावर पदार्थ, धुण्याची रीत, पाण्याचा आकडा हे मराठीसह स्थानिक भाषेत छापण्याचे बंधन घालावे. मानक नव्याने शोधायला नको, तयार आहे. औषध दुकानदारांना कंडोम विकताना आता संकोच वाटत नाही. धुण्याची दोन वाक्ये सांगायलाही वाटू नये.

डॉक्टरांचा वाटाही आहे. ‘पांढरे जाते’ म्हणून तिसऱ्यांदा आलेल्या रुग्णाला पुन्हा तीच गोळी लिहिण्याआधी एक प्रश्न विचारता येतो : आत काही साधन वापरता का? आवाज न बदलता विचारला तर उत्तर मिळते. नवरा किंवा सासू शेजारी बसलेली असताना विचारला तर मिळत नाही, म्हणून आधी त्यांना बाहेर बसवावे. वस्तूमुळे जंतू परत परत जात असतील तर निम्मा उपचार ती फेकून देण्यात असतो. सरकारी रुग्णालयांत गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक आहेत, तपासणी आणि औषध मोफत. १०९७ या क्रमांकावर नाव न सांगता विचारता येते. अमरावतीत डफरीन, अकोल्यात लेडी हार्डिंग ही स्त्री रुग्णालये बायांच्या पायाखालची आहेत, तिथे जायला वेगळे कारण सांगावे लागत नाही.

राहता राहिली ती अडकण्याची गोष्ट. योनीला आत शेवट आहे, वस्तू तिथून पुढे जात नाही. गुदद्वाराचे तसे नाही. तिथे गेलेली वस्तू वर सरकत जाते. म्हणून तिथे वापरायच्या वस्तूचा मागचा भाग पसरट असलाच पाहिजे. बाटली, मेणबत्ती, काकडी, वांगे हे काहीही त्या कामाचे नाही. बाटली फुटते, भाजी मोडते, वर फवारणीचे औषध असते ते वेगळेच. वस्तू वर सरकलीच तर चिमट्याने ओढू नये, जुलाबाची गोळी घेऊ नये, सकाळ होईपर्यंत वाट पाहू नये. पोट कडक झाले, ताप आला किंवा रक्त गेले तर एक मिनिटही घालवू नये. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार, दोन्हीकडे रात्रीही तातडीचा विभाग चालू असतो. तिथल्या सर्जनने अशी प्रकरणे आधी पाहिलेली असतात. घसरून पडलो आणि आत गेले, ही गोष्ट त्यांना सांगण्यात वेळ घालवू नये. त्यांना तीनच गोष्टी हव्या असतात. वस्तू कशाची आहे, किती वेळ झाला, आणि आत बॅटरी आहे का.